शेऱ्याचा रकाना

मंगळवारी संध्याकाळी रजनी जामबागच्या कॉलेजातून घरी आली तेव्हा अप्पा कॉम्प्युटरपुढे बसून दोन बोटांनी टाइप करत होते आणि बाहेरच्या खोलीत तो वास होता. म्हणजे सगळं रोजच्यासारखं होतं. चपला काढता काढताच तिनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली. चौदा महिन्यांत ही कला तिला इतकी साधली होती की ओठ फारसे विलग न करता ती बोलू शके, हसू शके, चहा टाकू का म्हणून विचारू शके, आणि नाक जणू दुसऱ्या कुणाचं असावं तसं बाजूला ठेवी. काचीगुड्याच्या स्टेशनात गाडी शिरत होती. तिच्या धडधडीनं कपाटावरचे स्टीलचे डबे किणकिणले, मग थांबले. तिनं दिवा लावला. दिवा लावायला ती खुर्चीमागे आली तशी अप्पांनी पडद्यावरचं पान चटकन वर सरकवलं. जुनी सवय, असं तिला वाटलं. चौतीस वर्षं सरकारी दफ्तरात काढलेला माणूस. पाठीमागं कुणी उभं राहिलं की फाइल मिटायचीच. अप्पा आठवणी लिहितात हे सगळ्या गणगोताला ठाऊक होतं. निजामाच्या वेळचं शहर, उर्दू शाळा, पोलीस ॲक्शनच्या आधीचे महिने, रेकॉर्ड सेक्शनमधल्या गमती. "किती पानं झाली?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "चाललंय." कॉम्प्युटरच्या पोटातून आज पुन्हा टक्-टक् असा आवाज येत होता. "आतून कुणी टिचक्या मारतंय बघ," अप्पा म्हणाले. "याची पण तबियत गेली वाटतं." ती हसली. साडेसहा वाजले होते. साडेसहाला पिशवी बदलायची.

ते कसं करायचं याची तिनं स्वतःपुरती एक रीत बसवली होती. आधी खिडकी. मग जुना पेपर पसरायचा. मग अप्पांचा सदरा वर करायचा आणि त्यांच्या पोटाकडे बघायचं ते एखाद्या नकाशाकडे बघावं तसं, माणसाच्या अंगाकडे नव्हे. बेंबीच्या डाव्या अंगाला, जिथं काही नसायला हवं तिथं, एक ओलं, लालभडक, बटणाएवढं तोंड होतं. डॉक्टरांनी आतड्याचं टोक तिथं बाहेर काढलं होतं. ते हलायचं. आपोआप आकसायचं, फुगायचं, आणि कधीकधी ती पिशवी सोडवत असतानाच त्यातून घळ्ळकन काही बाहेर यायचं, कोमट, पिवळट, काल रात्रीच्या जेवणाचा पुरावा घेऊन. त्या मंगळवारी त्यात टोमॅटोची सालं होती. ते टोमॅटो तिनं स्वतः चिरले होते. तिच्या घशाशी काहीतरी आलं, तिनं ते गिळलं, ओल्या कापडानं कडा पुसल्या, नवी पिशवी चिकटवली, आणि मान वर करून अप्पांकडे पाहून हसली. अप्पा तिच्याकडेच बघत होते. मग त्यांनी सदरा खाली ओढला आणि कॉम्प्युटरकडे वळले. ती मोरीत गेली. हात धुतले. पुन्हा धुतले. पुन्हा धुतले. रात्री दोघांनी खट्टी दाल आणि भात खाल्ला आणि अप्पा म्हणाले, मीठ कमी आहे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कॉलेजच्या लायब्ररीत फोन आला. शेजारच्या अनुराधाकाकू होत्या. नेहमी घडाघडा बोलणारी बाई, पण त्या दिवशी नुसतं "रजनी, ये तू," एवढंच दोनदा म्हणाली. रजनीनं हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि मग उठली. पुढं कित्येक दिवस तिला ती फुंकर आठवत राहिली. अप्पा त्याच खुर्चीत होते. मान छातीवर, हात मांडीवर, समोर पडदा काळा पडलेला. हृदय, डॉक्टर म्हणाले. पोटाचा काही संबंध नाही. शेवटच्या आंघोळीच्या वेळी पुरुष मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, ते पोटावरचं काढायचं की राहू द्यायचं. सगळ्यांनी भिंतींकडे पाहिलं. रजनी म्हणाली, मी करते, आणि दार लावून घेतलं. पिशवी जवळजवळ रिकामी होती. ते लाल तोंड आता लाल नव्हतं, हलत नव्हतं. राखाडी पडून मिटलं होतं. ती पूर्ण वेळ तोंडानं श्वास घेत होती. आणि शेवटची कडा पुसून झाल्यावर तिच्या मनात सगळ्यांत आधी जे आलं ते हे की आता हे पुन्हा करायचं नाही. दुःख त्यानंतर आलं, चार पावलं मागून, उशीर झालेल्या पाहुण्यासारखं. त्या क्रमाची तिला इतकी घाण वाटली की ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि बाहेरून कुणी हाक मारीपर्यंत कडी काढू शकली नाही.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. धाकटा भाऊ समीर न्यू जर्सीहून आला, टॅक्सीतून उतरला तेव्हाच रडत होता. सगळ्यांनी रजनीची स्तुती केली. ती स्तुती तिनं तेरा दिवस ताटातल्या न आवडणाऱ्या भाजीसारखी इकडून तिकडे सारत ठेवली. अप्पांचे दफ्तरातले मित्र हिम्मतराव तर चौघांत म्हणाले, पोरगी असावी तर अशी. अहो, पोरानं काय, बायकोनंसुद्धा एवढं केलं नसतं, आणि कधी कपाळाला आठी नाही. आठी नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. समीरनं सगळ्यांदेखत तिचे पाय धरले. त्याचे हात गरम आणि ओलसर होते. पाय मागे ओढून घ्यावेत असं तिला वाटलं, पण तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तिथं तसंच करायचं असतं.

आठवणींचं पुस्तक काढायचं, ही समीरचीच कल्पना. वर्षश्राद्धाला छापून तयार असावं, सगळ्यांना द्यावं. त्यानं फाइल फ्लॉपीवर घेतली आणि स्वतःच्या लॅपटॉपमध्ये उघडली, तर आत मराठी नव्हतंच. डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली कसलीशी परदेशी अक्षरं, मध्येच आकडे, मध्येच चौकोन. अप्पांच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायची सोय कोठी बाजारातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्यानं बसवून दिली होती. तो दुकान बंद करून वरंगलला निघून गेला होता, आणि त्या मशीनबाहेर ती अक्षरं अक्षरं राहत नव्हती. त्यात त्या टिचक्या वाढत चाललेल्या. समीर म्हणाला, डिस्क जाणार आहे, ताई. एकेक फाइल काढत बसण्यात अर्थ नाही. अख्ख्या डिस्कची इमेज घ्यायची. म्हणजे काय, तर आतलं सगळं, अक्षरं, सोयी, पडद्यावरचं चित्र, अप्पांनी ज्या कोपऱ्यात जे ठेवलं ते तिथंच ठेवून, जसंच्या तसं एका साच्यात ओतून काढायचं. तो तिकडे ते आपल्या मशीनवर उतरवील आणि पडदा उघडला की अप्पांचाच कॉम्प्युटर समोर. बोलता बोलता त्याचे डोळे पुन्हा भरले. इंटरनेटवरून त्यानं कोठीतला एक माणूस शोधला, वहीदभाई म्हणून. त्याला काय काय करायचं ते इंग्रजीत लिहून पाठवलं आणि चौदाव्या दिवशी विमानात बसला. राहिलेलं काम, म्हणजे तो डबा उचलून कोठीला नेणं, रजनीवर आलं.

नेण्याआधी एकदा बघावं म्हणून तिनं रविवारी दुपारी मशीन लावलं. अप्पांच्या खुर्चीत न बसता स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. कळांच्या फटींत तपकिरी मळ बसला होता आणि ज्या दोन बोटांनी ते टाइप करत त्या बोटांखालच्या कळा तेलकट चकाकत होत्या. आठवणींची फाइल सहज सापडली. अकरा पानं. उर्दू शाळेतल्या मौलवींच्या छडीपाशी येऊन एका वाक्याच्या मध्यात थांबलेली, दीड वर्षापूर्वीच्या तारखेला. तिला वाटलं पुढचं दुसरीकडे असेल. शेजारी एक फोल्डर होता, रोजनामचा नावाचा. आत महिन्याची एक अशा चौदा फाइली. उघडल्या तर आखीव तक्ते निघाले, दफ्तरात असतात तसे. तारीख, वेळ, प्रमाण, स्वरूप, आणि शेवटी शेरा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की पोटाची नोंद ठेवा. पहिल्या दीड महिन्यात शेऱ्याच्या रकान्यात औषधं होती, पोट दुखलं-न दुखलं, भेंडी बाधली. पुढं एका दिवसापासून औषधं गेली. तिथं ती होती. अप्पांनी तिला एका अक्षरावर आणून ठेवलं होतं.

"र. तोंडानं श्वास घेते. तिला वाटतं मला कळत नाही." हा पहिला शेरा. मग रोज. "र.नं खिडकी उघडली. बाहेर धूळ आहे, उघडण्याचं दुसरं कारण नाही." "र.नं हात तीनदा धुतले. नवा साबण काढला." "र.नं आज पोटाकडे बघितलंच नाही, घड्याळाकडे बघून बदलली." "र.ला ओकारी आली. गिळली." "र.नं हसून दाखवलं. गरज नव्हती." ती तीन दिवस कॉलेजच्या कामानं औरंगाबादला गेली होती आणि बाई ठेवली होती, ते तीन दिवस शेरा निरंक. पुन्हा सुरू. राग कुठंच नव्हता, तक्रारही नाही. रेकॉर्ड सेक्शनमधल्या माणसानं आलेल्या कागदाची नोंद करावी तसं कोरडं आणि अचूक. जूनमधल्या एका दिवशी लिहिलं होतं : "आज माझीच मला शिसारी आली. र.ला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. ती म्हणेल, काहीतरीच काय."

ती म्हणालीच होती तसं. शेरे ज्या दिवशी सुरू झाले त्याच्या आदल्या संध्याकाळी. तारीख बघताच तिला ते आठवलं, अगदी उजेडाच्या तिरिपेसकट. पेपर गुंडाळून ती उठत होती तेव्हा अप्पांनी विचारलं होतं, "तुला शिसारी नाही ना येत ग?" साधं, मीठ कमी आहे म्हणावं तसं. ती म्हणाली होती, काहीतरीच काय अप्पा. ते "बरं" म्हणाले होते. आता तिला समजलं की त्या "बरं"नंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि लिहिणं सुरू केलं. आणि हे त्या घरात व्हावं ज्या घरात घाणीला घाण म्हणायला कधी कुणी कचरलं नव्हतं. ती सहा-सात वर्षांची असताना बिदरला जाताना बसमध्ये तिला ओकारी आली. अप्पांनी ओंजळ पुढं केली होती, आणि ओंजळ भरल्यावर नाक मुरडून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "शी ग, काय हा वास! खाल्लंस तरी काय, आं?" आणि हसले होते. शेजारचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूसही हसला होता, तीही ओकता ओकता हसली होती. त्यांनी हात खिडकीतून बाहेर झटकले, पाण्याच्या सुरईतलं पाणी ओतून धुतले आणि त्याच हातानं तिचं तोंड पुसलं. तेव्हा तिला क्षणभरही वाटलं नव्हतं की आपण त्यांना नकोसे झालो. तिनं मात्र त्यांना चौदा महिने हसून दाखवलं. पुस्तकांत वाढलेली बाई; सभ्यपणा म्हणजे चेहरा, असं कुठंतरी वाचून ठेवलं असेल.

तिनं फोल्डर निवडला आणि काढून टाकला. मशीननं विचारलं, नक्की का? तिनं हो म्हटलं. मग कचऱ्याची टोपली उघडून तीही रिकामी केली. तेव्हाही त्यानं विचारलं, तेव्हाही हो. हे सगळं करताना तिचे हात अगदी स्थिर होते, पेपर गुंडाळताना असायचे तसे. मग ती मोरीत गेली, आणि साबण हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की आज धुण्यासारखं हाताला काही लागलेलंच नाही.

सोमवारी तिनं डबा जुन्या चादरीत बांधला आणि ऑटोत मांडीवर घेऊन कोठीला नेला. पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर वहीदभाईंची खोली होती. पन्नाशीचे, कानाच्या पाळीवर केस असलेले, सौम्य गृहस्थ. या कामाला त्या बाजारात एक इंग्रजी नाव चालत होतं, घोस्ट काढणं, मेलेल्याचं भूत फिरावं तसलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस ते मोठ्यानं घ्यायला लागला तेव्हा वहीदभाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि तिच्यापुढे इमेजच म्हणत राहिले. एवढी अदब तिला नको होती. त्यांनी चार स्क्रू काढून डब्याचं झाकण उचललं आणि आतून धूळ निघाली ती पावडरीसारखी नव्हती, केसाळ होती. राखी रंगाचे पुंजके तारांना लोंबत होते, तळाशी एक पालीचं फुटकं अंडं, एक वाळलेलं झुरळ पाय वर करून. त्या सगळ्याला घरातला तो वास होता. असेल-नसेल, तिला आला. चौदा महिने पंख्यानं आत ओढलेली ती हवाच होती. तिनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि लगेच भीती वाटली की वहीदभाईंच्या लक्षात येतंय.

त्यांनी पट्टीची वायर नव्या डिस्कला जोडली, फ्लॉपी घातली. पडद्यावर एक आडवी पट्टी आली आणि मुंगीच्या पावलानं भरू लागली. एक टक्का. दोन टक्के. मध्येच टिचक्या वाजत, पट्टी थांबे, मग पुन्हा सरके. वहीदभाई खुर्ची ओढून बसले. "डिस्क आखरी सांसां ले रई मॅडम," ते म्हणाले. आज नाही काढलं तर मग कधीच निघणार नाही, म्हणून ते फाइली निवडून घेणार नव्हते. भाईसाहेबांनी लिहिलंय तसं अथपासून इतिपर्यंत, रिकाम्या जागेसकट. रिकाम्या जागेत काय असतं, तिनं विचारलं. आवाज तिला वाटला तितका सहज आला नसावा. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. वर कुणीतरी लिहून खोडरबरानं खोडलं होतं, आणि उजेडात ते वाचता येत होतं.

"मिटाए सो बी आता मॅडम. हर्फ मिटते, दाब नइ मिटता."

आता तिनं बोलायला हवं होतं. फक्त फाइली घ्या, रिकामी जागा नको, एवढंच. एवढं सांगायला काही कारण द्यावं लागलं नसतं. गिऱ्हाईक काहीही सांगतं. पण तिला खात्री वाटली की ते तोंडातून निघताच हा भला माणूस समजून जाईल की ही बाई बापाचं काही लपवते आहे. तिनं म्हटलं, बरं. पट्टी अकरा टक्क्यांवर होती. वहीदभाईंनी इराण्याकडून चहा मागवला. तो साखरेनं इतका दाट होता की घोट घशात चिकटून राहिला. पट्टीकडे बघत ती दोन तास बसली. जिथं अप्पांचे शेरे होते ती जागा आता जात असेल, आता गेली असेल. शेजारी मौलवींची छडी, शेजारी ती स्वतः, एका अक्षराएवढी, दबलेली.

बुधवारी ती सामान आणायला गेली तेव्हा वहीदभाई तिची वाटच बघत होते. नवी डिस्क बसवली होती. डबा आतून ब्रशनं साफ केला होता. समीरसाठी चार सीड्यांचा संच पाकिटात घालून वर सुबक अक्षरात एक, दोन, तीन, चार घातले होते. आणि एक खुशखबर होती. खराब डिस्कमधून काही सुटलं तर नाही ना, म्हणून त्यांनी आपल्या सवयीनं नव्या डिस्कवर शोध चालवला, तर वालिदसाहेबांचा एक अख्खा फोल्डर पुसलेला सापडला. चौदा फाइली, एकही खराब नाही. घरात लहान मुलांनी हात लावला असेल. त्यांनी तो परत जागच्या जागी बसवला, आणि मगच सीड्या काढल्या. पैशाचं नाव नको, म्हणाले. मरहूमच्या हातचं लिखाण, ते काय पुसून जाऊ द्यायचं? त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निखळ समाधान होतं की तिला वाटलं, तिथंच त्यांच्या स्वच्छ टेबलावर आपल्याला उलटी होईल. फोल्डर कधी पुसला ती तारीखही त्यांना दिसली असणार. त्यांनी ती उच्चारली नाही. ती म्हणाली, "मेहेरबानी वहीदभाई," आणि त्यांना हसून दाखवलं.

सीड्या आठवडाभर फ्रिजवर होत्या. पाकीट फाडून त्या मोडायला किती वेळ लागला असता? हिम्मतरावांची लेक तिकडेच, समीरजवळ एडिसनला होती आणि ते शनिवारी तिच्याकडे निघणार होते. शुक्रवारी पाकीट न्यायला स्वतः आले, जिने चढून धापा टाकत. रजनीनं ते त्यांच्या हातात दिलं. देताना तिनं मनात जो हिशेब केला होता तो तिला नंतर सगळ्यांत ओंगळ वाटला. ती समीरवर विसंबली होती. म्हणजे समीरच्या अडाणीपणावर. तो इंग्रजी शाळेत गेलेला, मराठी बोलायचा खरा पण वाचायचा म्हणजे दुकानाच्या पाट्या. अकरा पानं वाचतानाच त्याला घाम फुटेल, आखीव तक्ते दिसले की औषधपाणी समजून मिटून टाकील. लहानपणी त्याला अक्षरं शिकवायचं काम अप्पांनी तिच्यावर सोपवलं होतं आणि दोन उन्हाळ्यांनंतर तिनं कंटाळून सोडलं होतं. आता त्या सोडण्याचाच तिला आधार वाटत होता. हिम्मतराव पाकीट पिशवीत घालताना म्हणाले, तुझ्यासारख्या मुलीचं नावही त्या पुस्तकात येऊ दे. ती म्हणाली, येईल की.

फोन आला तो पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी. खाली रस्त्यावर भाजीवाली तेलुगूत हाका घालत होती. समीरचा आवाज तिला ओळखू येईना, इतका तो सपाट होता. त्यानं सांगितलं की इमेज व्यवस्थित उतरली; पडदा उघडला तेव्हा अप्पांनी ठेवलेलं गुलाबाचं चित्र आलं आणि तो अर्धा तास नुसता बघत बसला. वाचायला त्याला जमेना, म्हणून केतकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. केतकी, त्याची बायको, पुण्याची. मराठी शाळेत शिकलेली. रजनीनं सगळ्यांचा विचार केला होता, केतकीचा केला नव्हता. आधी अकरा पानं वाचली, मग दुसरा फोल्डर. चार संध्याकाळ लागल्या. "सगळं वाचलं, ताई," तो म्हणाला.

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. आता येईल, तिला वाटलं. जे येणार ते येऊ दे. पण जे आलं ते दुसरंच होतं. समीर अप्पांवर संतापला होता. तो म्हणाला, त्याच्या ओळखीच्या तिथल्या डॉक्टरला विचारलं, अशा दुखण्यात शेवटी माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, जवळच्याच माणसाबद्दल संशय येतो, पाळत ठेवल्यासारखं करतात. त्याला समजू शकतं. पण तरी, जिनं चौदा महिने त्यांचा गू काढला तिच्याबद्दल म्हाताऱ्यानं बसून रोज असं लिहावं? तिचे श्वास मोजावे? केतकी वाचता वाचता रडली. त्याला स्वतःला अप्पांची घाण वाटली; असं कधी आयुष्यात वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. पुस्तक तो काढणार, पण त्या अकरा पानांचंच, बाकीचं हिम्मतरावकाका सांगतील तसं कुणाकडून तरी लिहून घेऊ. तो फोल्डर कायमचा उडवून टाकणार. त्याच्या ऑफिसात असं साधन आहे की मागे दाबसुद्धा राहत नाही. तिच्याकडचाही तिनं तसाच उडवून टाकावा. कुणाला कधी कळणार नाही.

"फक्त तू एकदा सांग, ताई," तो म्हणाला. "हे खोटं आहे म्हणून सांग. म्हणजे मला उडवताना काही वाटणार नाही."

किती सोपं होतं ते. तिला उत्तरसुद्धा रचावं लागणार नव्हतं. नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं, समीरनं त्या गप्प राहण्याचा मोठेपणा केला असता. तिच्यापुढे अगदी स्वच्छ दिसू लागलं : वर्षश्राद्धाला छापलेलं पुस्तक, त्यात तिचं नाव, सेवा, त्याग, कपाळाला आठी नाही, आणि एका बाजूला अप्पा, शेवटी शेवटी डोकं फिरलेले, संशयी, बिचारे. चौतीस वर्षांत एक खोटी नोंद न केलेला माणूस. तिच्या घशाशी काहीतरी आलं, ओळखीचं, कोमट. गिळायची सवय इतकी अंगवळणी पडली होती की घसा आपणहून हलला. पलीकडे समीर "हॅलो, हॅलो ताई, लाइन आहे ना?" म्हणत होता. पलीकडे केतकी काहीतरी हळू आवाजात विचारत होती. खाली भाजीवालीचं कुणाशी तरी भांडण लागलं होतं.

"उडवू नकोस," रजनी म्हणाली.

तो म्हणाला, का? कशाला ठेवायचं असलं? तिला दुःख व्हायला?

"त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं, समीर. एकही ओळ खोटी नाही त्यात. मला विचारलं होतं त्यांनी, एकदा. मी नाही म्हटलं." आपला आवाज रिकाम्या खोलीत एवढा मोठा घुमेल असं तिला वाटलं नव्हतं, तरी तिनं तो कमी केला नाही. "मला किळस यायची. अप्पांची. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, रोज यायची."